दशावताराचा एक मोसम: कॅमेरा-लेन्सच्या प्रकल्प नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

काम ठरलं. गावच्या वाचनालयाला पुढच्या मे महिन्यात दशावतारावर, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यावर, छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं आहे. चाळीस प्रिंट, प्रत्येक १२ बाय १८ इंचांची. रंगमंचावरचा खेळ हवाच, शिवाय रंगपटातली (कलाकार रंगतात त्या जागेतली) तयारी, कलाकारांचं दिवसाचं आयुष्य आणि जमल्यास गावातले जुने फोटोही. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू होतात, पावसाच्या तोंडावर मोसम संपतो. हातात सहा-सात महिने आहेत.

माझ्याकडे जुना निकॉन डी७२०० (आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा) आणि ५० एमएम एफ/१.८ डी, १८-१४० या लेन्स आहेत. मागच्या वर्षी देवळात याच कॅमेऱ्याने फोटो काढताना आरशाची प्रत्येक खटखट गाभाऱ्यात घुमत होती आणि लोक वळून बघत होते. सूत्रधाराचं नमन चालू असताना तसं होऊ द्यायचं नाही, एवढं तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून मिररलेस, म्हणजे आरसाच नसलेला कॅमेरा.

महिनाभर पर्याय चाळले. फुजीफिल्म एक्स-टी५ हातात घेतला की ठेववत नाही, ४० मेगापिक्सेल, वरच्या चकत्याही छान. पण सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, आणि माझं निम्मं काम रात्री दहा ते पहाटे पाच. तेवढ्याच एफ नंबरला (लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा; लहान आकडा, जास्त उजेड) फुल फ्रेम साधारण एका स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) कमी नॉइज, म्हणजे कमी दाणे, देतो, आणि जत्रेच्या उजेडात तो एक स्टॉप सोन्यासारखा. सोनी ए७ फोर उत्तमच, फक्त खिशाबाहेर. शेवटी कोल्हापूरच्या एका मित्राचा वापरलेला निकॉन झेड६ टू घेतला, सोबत २४-७० एफ/४. मॉडेल २०२० चं. यंदा झेड६ थ्री आल्यामुळे जुन्याचा भाव उतरलाय. २४ मेगापिक्सेल म्हणजे लांबीला सहा हजारांवर पिक्सेल. १८ इंचांवर पसरले तर इंचाला ३३६. प्रिंटला याहून जास्त लागत नाही. उरलेले पैसे लेन्सवर.

२७ ऑक्टोबर

जुन्या लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावून ५० एमएम डी चढवली. लागते, ॲपर्चर चालतं, ऑटोफोकस नाही. या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. डीएसएलआरच्या बॉडीतला छोटा स्क्रू ती फिरवायचा. झेडच्या बॉडीत तो स्क्रू नाही, एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. अडॅप्टर म्हणजे मुळात पोकळ नळी. जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर, झेडमध्ये १६. मधल्या ३०.५ मिलिमीटरची भरपाई हेच तिचं मुख्य काम, बाकी विजेचे संपर्क आणि ॲपर्चर हलवणारी छोटी यंत्रणा. मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स त्यावर मजेत चालतात.

हाताने फोकस करून पाहिला. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस लागलेल्या कडा रंगीत दिसतात, स्थिर माणसावर छान जमतं. पण तलवारीचा हात सुटल्यावर नाही जमणार. झेडची ५० एमएम एफ/१.८ एस वापरलेली शोधतोय. जुनी लेन्स विकणार नाही, ती वडिलांनी घेऊन दिलेली आहे.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

मोसमातली पहिली जत्रा. पालखीची प्रदक्षिणा होऊन खेळ उभा राहीपर्यंत बारा वाजून गेले. मंच देवळासमोरच, मागे पडदा, एक बाक, एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. उजेडाला दोन एलईडी फ्लड आणि बाजूच्या खांबांवर ट्यूबलाइट.

आधी २४-७० लावली. एफ/४, शटर १/२०० सेकंद, आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) गेला १२८००. फोटो आले, पण चेहऱ्यावरचा रंग भुरभुरीत झाला, गुलाबी आणि पिवळ्याच्या मधल्या छटा गेल्या. दशावतारात कलाकार आपली रंगभूषा स्वतः करतो, तासभर आरशासमोर बसून. ती छटाच गेली तर फोटो काढून उपयोग काय? मग ५० एमएम, एफ/१.८. तोच शटर, आयएसओ २५०० वर आला. सव्वादोन स्टॉपचा फरक कागदावर वाचणं वेगळं आणि राजाच्या गालावरची लाली परत आलेली बघणं वेगळं.

किंमतही मोजावी लागते. तीन मीटरवर एफ/१.८ ला फूट-सव्वा फूट जागाच धारदार राहते. राजा पुढे, राणी दोन पावलं मागे, तर राणी पुसट. दोघांचा संवाद असेल तेव्हा एफ/२.८ वर जायचं आणि आयएसओ सोसायचा.

रात्रीचा मोठा धडा मात्र वेगळाच. आवाज नको म्हणून सायलेंट मोडवर होतो. पहिल्या तासाभराच्या जवळजवळ सगळ्या फोटोंत आडवे पट्टे, एक उजळ, एक काळपट. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधुक दिसत होते, मला वाटलं पडद्याच्याच चुण्या. मोठं करून बघेपर्यंत गणपतीचा प्रवेश, रिद्धी-सिद्धी, सगळं होऊन गेलं होतं. फार वाईट वाटलं. आड दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा हा गणपती-संकासुराचा भाग, रात्रीतून एकदाच होतो.

१७ नोव्हेंबर

पट्ट्यांचा हिशोब शांतपणे मांडला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही. सायलेंट मोडमध्ये शटरचा पडदा हलत नाही. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. वरची ओळ वाचली तेव्हा दिवा भरात, खालची वाचेपर्यंत मंद. माझ्या आडव्या फ्रेममध्ये पाच पट्टे मोजले. पाच चढउतार म्हणजे पाच शतांश सेकंद, म्हणजे पूर्ण फ्रेम वाचायला साधारण १/२० सेकंद लागतोय. शटर १/२०० असला तरी वाचन एवढं सावकाश. फिरणारी तलवार वाकडी का आली तेही यातच कळलं.

उपाय दोन. सायलेंटच हवा तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचा. मग प्रत्येक ओळीला दिव्याचा एक किंवा दोन पूर्ण चढउतार मिळतात आणि पट्टे जातात. वेगवान हालचाल असेल तर मेकॅनिकल शटर, फ्लिकर रिडक्शन (दिवा भरात असतानाच शटर सोडणारी सोय) चालू. आणि आवाजाचं काय? युद्धाच्या प्रवेशात पखवाज आणि झांज एवढी कडाडतात की शटर माझ्या मलाच ऐकू येणार नाही. म्हणजे जिथे शांतता आहे तिथे कलाकार बहुधा स्थिर असतो, तिथे सायलेंट आणि १/१००. जिथे धुमश्चक्री आहे तिथे आवाजाची चिंता नाही. हा खेळच आपली अडचण आपण सोडवतो. दोन्ही सेटिंग यू१ आणि यू२ वर जतन केली, एका चकतीच्या फिरकीवर.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवतो. संकासुराचा वेष काळा. मीटरला वाटतं अंधार आहे, तो फ्रेम उजळवतो आणि शेजारच्या सूत्रधाराचं अंगरखं पांढरंफटक होतं. मीटरिंग हायलाइट-वेटेडवर, म्हणजे उजळ भाग जपणाऱ्या मोडवर, नेलं की पांढरं शाबूत राहतं. काळ्यातले तपशील रॉ फाइलमधून नंतर काढता येतात, जळालेलं पांढरं परत येत नाही. दुसरं, डोळा ओळखणारा ऑटोफोकस रंगवलेल्या चेहऱ्यांवर झकास चालतो, पण मुखवटा आला की गडबडतो आणि पायपेटीवाल्याच्या डोळ्यावर जाऊन बसतो. गणपती आणि संकासुर असतील तेव्हा एकच फोकस पॉइंट, स्वतः हलवायचा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवायचा नाही. दर चार फोटोंनी रंग बदलतो. ४५०० केल्विन पक्का ठरवला, पुढची दुरुस्ती सगळ्यांना एकदम.

८ डिसेंबर

आज रंगपट. देवळामागची पडवी, जेमतेम आठ फूट बाय दहा, एक पिवळा बल्ब, भिंतीला टेकून पेटारे. सात माणसं मांडी घालून आपापल्या आरशासमोर. मित्राची ८५ एमएम एफ/१.८ उसनी आणली होती, ती पिशवीतून बाहेरच काढली नाही. पाठ भिंतीला लागली तरी नुसतं नाक-डोळे येतील. ५० सुद्धा आवळ होते. गेल्या आठवड्यात घेतलेली ४० एमएम एफ/२ इथे कामाला आली. १७० ग्रॅमची, प्लास्टिकची, दिसायला क्षुल्लक. मोठी लेन्स वर केली की माणूस सावरून बसतो. हिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ, सगळे त्यांना नाना म्हणतात. आधी परवानगी विचारली.

"नानांनू, फोटो काडलो तर चलात?"

"काड. पण तो लायट माज्या तोंडार मारू नको. रंग दिसणा नाय."

फ्लॅश आणलाच नव्हता. बल्बच्या उजेडात १/१५ पर्यंत खाली गेलो. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन माझ्या हाताचा कंप धरतं, नानांच्या हाताचा नाही, हे लक्षात ठेवून थांबलो. भुवई काढताना माणूस श्वास रोखतो. काडीचं टोक कपाळाला लागलं की अर्धा सेकंद सगळं थांबतं. तेवढ्यात. पंधरा-वीस फोटोंपैकी तीन धारदार आले आणि त्यातला एक मला या कामातला आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला वाटतो: आरशात पूर्ण राजा, आरशाबाहेर अर्धा रंगलेला म्हातारा माणूस.

फोकस आरशाच्या काचेवर नको, प्रतिमेवर हवा. आरशातली प्रतिमा काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते, त्यामुळे नानांचा खांदा आणि प्रतिबिंब दोन्ही धारदार मिळणं एफ/२ ला शक्य नाही. मी प्रतिबिंब निवडलं.

स्त्री-भूमिका करणारा मुलगा लुगडं नेसायला उठला तेव्हा कॅमेरा मांडीवर ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. तो नेसून वळला आणि स्वतःच म्हणाला, "आता काड."

एकाने विचारलं, "ह्या कॅमेऱ्याक आवाज नाय रे?" या एका प्रश्नासाठी बॉडी बदलल्याचं सार्थक झालं.

१२ जानेवारी २०२५

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी. अर्जुन, अभिमन्यू अशा तरण्या भूमिका करणारा आमचा कलाकार खेळ नसेल त्या दिवशी पहाटे दोरीला असतो. होडी जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि किनाऱ्यावर दोन रांगा दोन्ही टोकं ओढत जवळ येतात.

इथे रात्रीचे सगळे नियम उलटे. उजेड भरपूर, मग वेगवान प्राइम (झूम नसलेली, लहान एफ नंबरची लेन्स) कशाला? वारा, रेती, खाऱ्या पाण्याचे तुषार. लेन्स बदलायची सोय नाही. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो. लेन्स काढली की सेन्सर उघडाच, आणि माझी बॉडी बंद केल्यावरही शटर मिटत नाही. म्हणून घरातूनच २४-७० लावून निघालो. जिच्यावर नोव्हेंबरमध्ये नाराज झालो होतो ती एफ/४ आज पूर्ण दिवस पुरली. २४ ला दोन्ही रांगा आणि मधला समुद्र, ७० ला दोरीवरचे हात. एफ/८, १/१०००, आयएसओ २००. पायाखालून लाट आली तरी नजर व्ह्यूफाइंडरमध्ये, कारण सूर्य समोर असताना मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही.

घरी येऊन बॉडी-लेन्स गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने. मीठ सुकलं की रिंगच्या फटीत बसतं. एफ/११ ला आकाशाचा एक फोटो काढून पाहिला: वरच्या कोपऱ्यात दोन ठिपके. ब्लोअरने एक गेला, दुसऱ्यासाठी सेन्सर स्वॅब लागेल.

२३ फेब्रुवारी

मोठ्या जत्रेतला खेळ. गर्दी एवढी की मंचाजवळ जागा नाही. मी पाचव्या-सहाव्या रांगेत, खुर्च्यांच्या कडेला. उभा राहिलो तर मागून हाक आली, "रे, खाली बस, मागच्यांका दिसणा नाय!" बरोबरच होतं त्यांचं. बसूनच काम केलं. स्क्रीन बाहेर ओढून खाली वाकवली आणि कॅमेरा डोक्याच्या उंचीवर धरला. त्या कोनातून पुढच्या रांगांची डोकी काळ्या डोंगररांगेसारखी येतात, वर उजळ मंच.

आज ८५ चा दिवस. जवळून ५० ने जे चेहरे मिळत होते ते इतक्या लांबून तिने दिले. तरी अपुरी पडली तेव्हा डीएक्स क्रॉप, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायचा: ८५ ची १२७ झाल्यासारखी, पण २४ मेगापिक्सेलचे दहा होतात. १८ इंचांवर इंचाला २१८ पिक्सेल. भिंतीवर टांगलेला प्रिंट हातभर लांबून बघतात, चालेल. ७०-२०० एफ/२.८ भाड्याने आणावी असा मोह झाला होता. पण ती साधारण १,४०० ग्रॅमची, ८५ एमएम फक्त ४७०. शिवाय एफ/१.८ आणि एफ/२.८ मध्ये सव्वा स्टॉप. बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून सहा तास धरायची वस्तू हलकीच हवी.

बॅटऱ्या तीन लागल्या. व्ह्यूफाइंडर सतत चालू राहिला की वीज पितो. डीएसएलआरला एका बॅटरीत अख्खी जत्रा निघायची. आता निवेदन, आभार चालू असताना कॅमेरा बंद ठेवतो आणि पॉवर बँकेला टाइप-सीने जोडतो. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फाइल जाते ते सोडायचं नाही.

१६ मार्च

शिमग्याच्या गडबडीत तीन घरांतून जुने फोटो मिळाले. काही पोस्टकार्डाएवढे, काही त्याहून लहान, काठ कुरतडलेले. स्कॅनरला द्यायला घरचे तयार नाहीत, ओसरीवरून हलवायचे नाहीत, ही अट. रास्तच आहे.

१०५ एमएम मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, चार दिवस भाड्याने आणली. साध्या लेन्सनेही इतक्या जवळ जाता येईल, पण कोपरे मऊ पडतात आणि सरळ रेषा बाहेर फुगतात. मॅक्रो सपाट वस्तूवर काठापर्यंत सारखी धारदार. एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉडवरून कॅमेरा खाली तोंड करून, बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी शटर. दोन सारखे दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, म्हणजे चकाकी लेन्समध्ये येत नाही.

कॅमेरा कागदाला समांतर आहे की नाही हे पाहायला फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सला स्वतःचंच तोंड फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं की समांतर. एवढं सोपं, एवढं अचूक.

एका फोटोत मंचाच्या दोन टोकांना पेट्रोमॅक्स टांगलेल्या, मध्ये बाकावर राजा. बसलेला राजा स्पष्ट, पाठीमागची झांज वाजवणारी माणसं हलून धुरकट. त्या फिल्मला आणि त्या उजेडाला बराच वेळ शटर उघडा ठेवावा लागला असणार. मोठं करून स्क्रीनवर दाखवलं तर घरातल्या आजी पुढे वाकल्या आणि पखवाजावरच्या धुरकट माणसावर बोट ठेवलं: "हे आमचे." चेहरा दिसतच नव्हता. बसण्यावरून ओळखलं.

मी त्या फोटोला धार वाढवायला लागलो होतो, थांबलो. आहे तसाच छापायचा.

४ मे

निवड संपली. तीन हजारांवर फोटोंतून चाळीस. कुठल्या लेन्सने किती हे बघायची उत्सुकता होती: ५० ने चौदा, ४० ने नऊ, ८५ ने सात, २४-७० ने सहा, मॅक्रोने चार. खरेदी करताना २४-७० हीच मुख्य लेन्स आणि बाकीच्या जोडीला, असं धरून चाललो होतो. आता कुणी विचारलं तर रात्रीच्या खेळासाठी मी एफ/४ झूम सुचवणार नाही. आणि रापणीसाठी तिच्याशिवाय दुसरी सुचवणार नाही.

बॉडीचं म्हणाल तर एपीएस-सीवाल्यांनी खट्टू होऊ नये. ३५ एमएम एफ/१.४ किंवा एफ/१.८ लावून याच जागी बसलात तर माझ्या ५० एवढंच दृश्य मिळेल, आयएसओ एखाद्या स्टॉपने जपायचा. ४० एमएमच्या रंगपटातल्या नऊ फोटोंपैकी एकही केवळ फुल फ्रेम होता म्हणून झालेला नाही. पट्टे मात्र हळू वाचणाऱ्या कुठल्याही सेन्सरवर येतील, त्याची चाचणी जत्रेआधी घरच्या ट्यूबलाइटखाली करा.

प्रिंट मॅट कागदावर. ग्लॉसीवर वाचनालयाच्या खिडक्या दिसतात.

१८ मे

प्रदर्शन लागलं. नाना सकाळीच आले, आरशातल्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग पट्टीवरचं नाव वाचून पुढे गेले, पेट्रोमॅक्सच्या फोटोपाशी थांबले आणि बाकावरच्या राजाच्या मुकुटाबद्दल बोलत राहिले. तो मुकुट त्यांनी लहानपणी पाहिला होता. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पंधरा मिनिटं.

२७ मे

पाऊस या वर्षी २५ तारखेलाच दक्षिण कोकणात पोचला. भिंतींना ओल यायच्या आत लेन्सची व्यवस्था लावायला हवी होती, घाईत लावली. हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ टक्क्यांवर. साठच्या वर गेला तर जेल तव्यावर परतून पुन्हा निळं करायचं. वडिलांची ५० डी पण त्याच डब्यात; तिच्या मागच्या काचेवर बुरशीचा एक धागा दिसतोय, कुडाळला गेलो की साफ करायला देईन. ८५ मित्राला परत केली.

नानांचा निरोप आला: आरशातल्या फोटोची पोस्टकार्डाएवढी प्रत हवी, पेटाऱ्याच्या झाकणाला आतून लावायची आहे. मॅट कागदावर दोन काढल्या, एक लॅमिनेट केली. रंगाचे हात लागणार तिला.